पाहुण्यांना जपणाऱ्या गांगुर्डे सिस्टर

मागच्या मार्चमध्ये आमच्या कॉलेजात द्राक्षांवरच्या रोगांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. बाहेरच्या देशांतून बरेच शास्त्रज्ञ आले, आणि सामानाबरोबर धास्तीही घेऊन आले. उष्ण देशात जाताय तर हे खाऊ नका, ते पिऊ नका, याला हात लावू नका, असं प्रत्येकाला घरून निघताना बजावलेलं. पहिल्या सकाळी नाश्त्याला इडल्या वाफाळत होत्या आणि मंडळी मात्र पिशवीतली बिस्किटं कुरतडत बसली होती.

पाहुण्यांच्या तब्येतीकडे बघायला आम्ही सुवर्णा गांगुर्डे यांना बोलावलं होतं. इगतपुरीकडच्या उपकेंद्रांमध्ये आरोग्यसेविका म्हणून सगळी नोकरी काढून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. राहायला नाशिकरोडला, मुलीच्या शेजारी. अंगानं बुटक्या, पण आवाज असा की मागच्या बाकावरचा पेंगणाराही सरळ बसावा. पाहुण्यांची व्यवस्था माझ्याकडे असल्यामुळे चारही दिवस मी त्यांच्याबरोबर होते.

सिस्टरांनी इडलीची ताटली उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली. "सी? वाफ! हॉट आहे, ईट. गार झालं, नो ईट. बस्स."

जर्मनीहून आलेल्या हेल्गाबाई पहिल्यांदा हसल्या. साठीच्या, उंच, उन्हानं नाक लाल झालेल्या. त्यांनी एक इडली घेतली, मग दुसरी. थोड्या वेळात भांडं रिकामं झालं.

दुपारी सभागृहात सिस्टरांनी ऊन लागल्यावर काय करायचं ते दाखवलं. "मॅडम, तुम्ही पडा," त्या मला म्हणाल्या. मी साडी सावरत व्यासपीठावर आडवी झाले. त्यांनी माझे पाय खुर्चीवर ठेवले, मानेला ओला रुमाल लावला आणि बोट उगारून सांगितलं, "माणूस शुद्धीवर नाही, तर तोंडात पाणी नाही. एक थेंब नाही. शुद्धीवर आला की मग घोट घोट." मी भाषांतर आडव्या अवस्थेतच केलं. टाळ्या पडल्या.

त्यानंतर त्यांना एक मिनिट उसंत नव्हती. कुणाच्या हातातला बर्फ घातलेला उसाचा रस काढून घे, कुणाच्या घोट्याला डासांचं मलम चोळ. पोर्तुगालच्या एका प्राध्यापकांनी कॅन्टीनमागच्या कुत्र्याच्या पिल्लाला खेळवलं आणि मनगटावर ओरखडा घेऊन आले. "एवढंसं तर आहे," ते म्हणत होते. सिस्टरांनी त्यांना बेसिनपाशी उभं करून साबणानं भरपूर वेळ हात धुवायला लावला आणि तसंच रिक्षात घालून रेबीजच्या इंजेक्शनाला नेलं. परत आले तेव्हा प्राध्यापक त्यांना 'ममा' म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी बस निफाडकडे निघाली. गोटीराम नावाच्या शेतकऱ्याची बाग बघायची होती. काढणी चालू होती, ऊन मी म्हणत होतं. सिस्टर छत्री घेऊन ओळीओळीतून फिरत होत्या. "टोपी! पाणी! सावलीत या!" प्रत्येकाच्या हातात बाटली देत होत्या, झाकणाचं सील तपासून. पाहुणे रोग बघत होते आणि त्या पाहुण्यांना.

मी गोटीरामभाऊंचं बोलणं इंग्रजीत सांगत होते, तेवढ्यात मागं छत्री पडल्याचा आवाज आला. वळून बघते तर सिस्टर वेलींच्या मधोमध कोसळलेल्या. चेहरा पांढराफटक.

बसचा ड्रायव्हर चंदर बाटली घेऊन धावला आणि त्यांच्या तोंडाला लावणार, तोच हेल्गाबाईंनी त्याचा हात धरला. "नो! नॉट वन ड्रॉप!" त्यांनी आणि प्राध्यापकांनी सिस्टरांना उचलून शेडच्या सावलीत नेलं. द्राक्षांच्या क्रेटवर पाय ठेवले. कुणी ओढणी भिजवून मानेला लावली, कुणी टोपीनं वारा घातला. सगळं तसंच, जसं माझ्यावर करून दाखवलं होतं.

थोड्या वेळानं सिस्टरांनी डोळे उघडले. आपल्याभोवती वाकलेले चेहरे बघितले आणि पुटपुटल्या, "याची टोपी कुठंय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही. हेल्गाबाईंनी सिस्टरांच्याच पिशवीतली ओआरएसची पुडी काढून पाण्यात विरघळवली आणि घोट घोट पाजायला सुरुवात केली. "सकाळपासून किती पाणी प्यायलात?" त्यांनी विचारलं.

"निघताना अर्धा कप चहा घेतला होता, तेवढंच," सिस्टर म्हणाल्या.

गोटीरामभाऊंची आई, धोंडाबाई, कमरेवर हात ठेवून बघत होती. तिला आधी उमगलं. "रानात जायला जागा नाय म्हणून पीत नसशील. व्हय ना बाई?"

सिस्टरांनी मान खाली घातली. मग हळू आवाजात बोलू लागल्या. "सवयच लागली हो. पाड्यापाड्यांवर लसी घेऊन फिरायचं, कुठं आडोसा नाही. उपकेंद्राला संडास होता, त्याला दार नव्हतं. घरून निघाले की परत येईपर्यंत पाणी बंद. दोनदा मुतखडा झाला. बायकांना मात्र सांगत फिरायचे, भरपूर पाणी प्या."

मी ते इंग्रजीत सांगितलं. हेल्गाबाई म्हणाल्या, "शिकत होते तेव्हा द्राक्षबागेत मीही हेच करायचे. बरोबरचे पुरुष सरळ वेलींमागं जायचे." आणि जरा लाजून, "आजही केलंय. बाटली नुसती हातात धरलीय."

मी इतर बायांना विचारलं. जवळजवळ सगळ्यांच्या बाटल्या भरलेल्याच होत्या. माझीसुद्धा.

धोंडाबाई खो खो हसत सुटली. "लय शिकलेल्या गं तुम्ही! चला समद्या. घर काय लांब हाय का माझं?" तिनं गोटीरामभाऊंना ट्रॅक्टर काढायला लावला. पुरुषांना बागेतच सोडून आम्ही सगळ्या ट्रॉलीत चढलो, मधोमध सिस्टरांना गोणपाटावर बसवून. वस्तीवर पोचताच परदेशी विदुषींची धोंडाबाईच्या न्हाणीघरापुढं ही रांग लागली. येईल तिच्या हातात ती पाण्याचा तांब्या देत होती. सिस्टरांनी सावकाश, थांबत थांबत, अख्खा तांब्या संपवला. निफाडच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, आराम सांगितला. तो त्यांनी बसमध्ये घोरत केला.

शेवटच्या दिवशी आभाराच्या वेळी पाहुण्यांनी त्यांना व्यासपीठावर ओढून नेलं. भाषणाची सवय नाही म्हणून त्या अडखळल्या. मग माईक दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या, "मी तुम्हाला पाणी प्या, पाणी प्या म्हटलं. पण आधी संडास कुठंय ते विचारा. लाजायचं नाही. आणि बोलावणाऱ्यांनी कुणी विचारायच्या आत सांगायचं." माझ्या भाषांतराची वाट न बघता त्यांनी एकच शब्द मोठ्यानं म्हटला, "टॉयलेट!" सभागृह उभं राहिलं.

आता दुसरी कॉलेजंही त्यांना बोलावतात. सहल ठरली की त्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन जागा बघतात. दाराची कडी लावून बघतात, नळ सोडून बघतात. त्यांची मुलगी मनाली म्हणते, आईला निवृत्तीनंतर जास्त काम लागलंय.

परवा मी त्यांच्याकडे गेले तर धोंडाबाईनं द्राक्षांची पेटी पाठवली होती. मी एक मणी तोडायला हात पुढं केला, तर सिस्टरांनी चापट मारली आणि घड मिठाच्या पाण्यात बुडवला. "थांबा जरा, मॅडम. एवढी घाई कसली?"