पडद्याजवळचं स्टूल

कलेला भाषेची अडचण नसते. आमच्या बहादूरच्या शोकसभेत अध्यक्षांनी हे वाक्य दोनदा म्हटलं. पहिल्यांदा माइक बंद होता.

बहादूर म्हणजे कारंज्याच्या कापूसबाजारातला गुरखा. दीडेक महिन्यापूर्वी सकाळी चहावाल्या गणपतने माझ्या ओट्यावर दोन कप ठेवले, जरा थांबला आणि एक उचलून घेतला. "थो गेला ना भाऊ," म्हणाला, "झोपेतच..." पहाऱ्यावरून सुटल्यावर बहादूर रोज माझ्याकडे चहा घ्यायचा. मी पेपर वाचायचो, तो रस्ता बघायचा. इतकीच आमची मैत्री, पण तिच्यात कधी खंड पडला नाही.

तो या गावात आला तेव्हा अडत्यांनी विचारलं होतं, "नेपालचा ना बे?" त्याने मान हलवली. पहारेकरी नेपाळचाच असावा अशी आमच्या बाजाराची श्रद्धा, आणि त्याचं नाव बहादूरच असतं ही दुसरी. दोन्ही त्याने निमूट सांभाळल्या.

सहा-सात वर्षांपूर्वी फूलचंदशेठच्या टॉकीजमध्ये एसटीने आलेल्या पेटीतून मारामारीच्या हिंदी सिनेमाऐवजी नेपाळी प्रेमकथा निघाली. पेटीवरची चिठ्ठी शेठने वाचली तोवर दुपारचा खेळ सुरू झाला होता आणि लोक खुर्च्या वाजवत होते. शेठने माणूस पाठवून बहादूरला झोपेतून उठवून आणलं.

"तुले समजते न हे? मंग सांग आमाले."

बहादूर पडद्याकडे बघत राहिला. नदीवर एक मुलगी घागर घेऊन उभी होती, मागे बर्फाचे डोंगर. "समझता है, शेठ," तो म्हणाला. पडद्याजवळ त्याला स्टूल दिलं.

वर्षानुवर्षं शिट्टी आणि काठी याखेरीज ज्याचा आवाज गावाने ऐकला नव्हता, तो माणूस बोलू लागला. हिचा माणूस खाली मैदानात कमवायला गेला आहे. बर्फ पडायच्या आत येतो म्हणाला होता. ही वाट बघते आहे... पडद्यावर मात्र एक देखणा तरुण तिच्याभोवती फिरत गात होता.

"हा कोन व्हय मंग?" मागून कोणी विचारलं.

"भाई है."

"भाऊ असे गाने म्हनते काय बे?"

"पहाड़ में गाते हैं."

लोकांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट झाली. त्या दिवशी बहादूरने गोष्ट जरा बदलली, आदल्या दिवशी बर्फात मेलेली मुलगी उठून चूल पेटवायला लागली. गणपतने जाब विचारला, "काल त मेली होती न थे?"

"कल बीमार थी," बहादूर म्हणाला.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या प्रसंगात तो गप्प झाला. पडद्यावर वाजंत्री, वरात, फुलं. लोक थांबून राहिले. "मंग काय झालं, भाऊ?" बायकांच्या खुर्च्यांतून कोणीतरी हळूच विचारलं.

"फिर उसका ब्याह हो गया, दूसरे से," बहादूर म्हणाला. मग स्टुलावरून उठताना, "उसकी गलती नहीं है."

त्या दिवशी कोणी खुर्ची वाजवली नाही.

पेटी परत गेली. त्यानंतर अधूनमधून, कप खाली ठेवताना, तो मला विचारायचा, "साब, वैसी पिक्चर फिर आएगी क्या?" मी म्हणायचो, येईल की. आमच्या गावात चुका काही कमी होत नाहीत. पण तेवढी एक पुन्हा झाली नाही.

शोकसभेनंतर आठवड्याने त्याचा पुतण्या आला, घोंगडी आणि टॉर्च न्यायला. मी नेपाळच्या प्रवासाची चौकशी केली. तो गोंधळला. "नेपाल? हम तो किन्नौर के हैं, साब. शिमला से ऊपर. नेपाली हमारे गाँव में किसी को नहीं आती."

काकूंबद्दल विचारलं. त्याने जमिनीकडे पाहिलं. "चाची ने दूसरा घर कर लिया था... बहुत साल हुए. चाचा को खबर थी."

मी त्याला टॉकीजमध्ये नेलं. स्टूल अजून तिथेच आहे, पडद्याच्या डाव्या अंगाला. पोरगा त्यावर क्षणभर बसला आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिला. वर भिंतीवर शोकसभेच्या समितीने पाटी लावली आहे : नेपाळचे सुपुत्र कै. बहादूर यांचे स्थान. परतताना मी अध्यक्षांच्या कानावर सगळं घातलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पाटी रंगवून झाली होती.