टिपरातून आलेली पटसंख्या

खुनाच्या केसेस मी विसरलो, दरोड्याच्या विसरलो, पण मुळगावच्या बालवाडीतली ती सकाळ काही माझ्या डोक्यातून उतरत नाही. नोकरीतल्या गोष्टी मी सांगायला लागलो की घरातली माणसं एकेक करून उठून आत जातात. ही गोष्ट सांगताना मात्र बायको दारात उभी राहते. मी कुठे मीठमसाला जास्त घालतो ते बघायला.

गोवा घटक राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. सरकारी कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता. कोकणी की मराठी या वादावरून एकाच घरात दोन भाऊ बोलेनासे झाल्याचा तो काळ. तेव्हा मी डिचोलीला फौजदार होतो. तालुक्यातले चोर माझ्या जीपचा नुसता आवाज ऐकून पळत, असं मी सांगत असे. त्यात खोटं काही नव्हतं. जीपचा सायलेन्सर गळून पडला होता, ती अस्नोड्याला निघाली की डिचोलीच्या बाजारात कळायचं.

त्या दिवशी आमच्याकडे बंदोबस्त होता. सरकार बालवाड्या, प्रौढ शिक्षणाचे वर्ग, महिला मंडळं यांना जे अनुदान देतं, ते खरंच पोचतं का हे तपासायला विधानसभेची समिती तालुक्यात येणार होती. अध्यक्ष पेडणे तालुक्यातले, पूर्वी शाळामास्तर. त्यांची कीर्ती अशी की ते आले की फळ्यावरचा खडूही सरळ उभा राहतो. मी हवालदाराला बूट पॉलिश करायला सांगितलं आणि स्टेशन डायरी उघडली, तोच पाळीहून एक आजोबा धापा टाकत आत आले.

"सायबा, भुरगीं व्हरता रे! टिपरान घालून भुरगीं व्हरता! म्हजो नातूय आसा तातूंत!"

खनिज वाहायच्या टिपरात घालून मुलं नेतायत, आणि त्यात त्यांचा नातूही. माझ्या हातातलं पेन खाली पडलं. त्या दिवसांत एका नव्या पुलाचं काम चाललं होतं आणि पुलाच्या पायात मुलांचा बळी देतात अशी आवई तालुकाभर उठली होती. आया मुलांना अंगणातसुद्धा सोडत नव्हत्या.

"किती मुलं?" मी विचारलं.

"टिपर भरून! मुळगावच्या वाटेन गेला तो!"

मी डायरीत नोंद केली, आजोबांना जीपमध्ये घातलं, हवालदाराला मागे बसवलं आणि निघालो. त्या दिवशी जीप रस्त्यावरून गेली असं मी म्हणणार नाही. रस्त्याच्या वरून गेली. हवालदाराची टोपी वाटेत उडाली, ती दुसऱ्या दिवशी एका माडावर सापडली. (बायको म्हणते, माड नव्हे, कुंपण. असेल.)

मुळगावात बालवाडीसमोर टिपर उभा होता. हौद्यातून ड्रायव्हर एकेका मुलाला काखेत धरून खाली उतरवत होता. डोक्यापासून पायापर्यंत लाल मुलं. खनिजाच्या धुळीत भुवयासुद्धा दिसत नव्हत्या. दारात बालवाडीच्या बाई पाण्याची बादली घेऊन त्यांची तोंडं धूत होत्या. आजोबांनी नातू ओळखला तो तिसरं तोंड धुतल्यावर. नातवाच्या हातात गुळाचा खडा होता आणि त्याला आजोबांशी काही कर्तव्य नव्हतं.

मी ड्रायव्हरची कॉलर धरली. "अपहरण! कलम माहीत आहे का?"

"कसलें अपहरण, पात्रांव! आवयांनींच दिलीं न्हय गा भुरगीं. म्हज्या वाड्यावयलींच तीं. ह्या म्हाताऱ्याक कोणें सांगलें ना, तो शेतांत गेल्लो."

"आयांनी दिली, पण आणलीस कशाला?"

गप्प.

"पैसे किती घेतलेस?"

ज्याला पैसे मिळालेले असतात तो या प्रश्नावर लगेच शपथा घ्यायला लागतो, हा माझा अनुभव. हा नुसता बाईंकडे बघत होता. बाईंनी तोंड धुणं थांबवलं नव्हतं. माहेर पार्सेचं, सासर मुळगावचं, वय पस्तिशीच्या आसपास. त्यांची घाई इतकी की मुलांपेक्षा त्यांचंच लुगडं जास्त भिजलं होतं.

मी पुढचं विचारणार, तोच समितीच्या गाड्या आल्या.

अध्यक्ष आत गेले. मुलं बसवलेली होती. त्यांनी बोटाने मोजली. सव्वीस. हजेरीपटावर सव्वीस. मान हलवून त्यांनी सही करायला पेन काढलं आणि जाता जाता पहिल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. मास्तर तो मास्तर.

"खंयचो रे तूं?"

"पाळीचो," मुलगा खणखणीत म्हणाला. "टिपरान येयलों. परतूनय टिपरान वतलों!"

अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं. तो टक् आवाज मला अजून ऐकू येतो.

"बाई, ही मुलं भाड्याची आहेत?"

बाईंनी मान खाली घातली.

"फौजदार, सरकारची फसवणूक. ताब्यात घ्या. आणि या केंद्राचं अनुदान उद्याच्या बैठकीत बंद."

मी पुढे झालो आणि ड्रायव्हर मध्ये आला. मघाशी ज्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता तो माणूस आमदारांसमोर उभा राहून बोलायला लागला.

"सायबा, म्हाका धर. बायेक नाका. ही बालवाडी सुरू जावचे आदीं मालवणी मजुरांची भुरगीं लोडिंगाच्या जाग्यार खेळतालीं. एकदां एक भुरगें म्हज्या टिपराच्या चाकांमदीं निजिल्लें. सावळेक. हांवें टिपर सुरू केल्लो. क्लीनरान बोब मारली म्हण..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. हात मात्र मांडीएवढ्या उंचीवर धरून ठेवला होता, ते मूल केवढं होतं ते दाखवायला.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "मग ती मुलं आज कुठे आहेत?"

"जत्रेक," बाई पहिल्यांदाच बोलल्या. "साहेब, ते सगळे मजूर एकाच गावचे. दोडामार्गाच्या पलीकडले. गावच्या देवाची जत्रा असली की काम गेलं तरी चालेल, पण माणूस इथे राहत नाही. काल सकाळी चूल विझवून सगळे गेले. आणि दुपारी तुम्ही येणार म्हणून निरोप आला."

"जत्रा!" अध्यक्ष कडवट हसले. "गेल्या महिन्यात दुसऱ्या तालुक्यात एका केंद्राला कुलूप होतं. तिथेही मुलं जत्रेला गेली होती. पंचांगात नसलेल्या जत्रेला."

"ते पेपरात वाचलं, साहेब. म्हणून तर भ्याले. खरं सांगितलं तर तुम्हांला तेच वाटणार."

आता माझी पंचाईत अशी की मी तीस वर्षं खोटं ऐकून पगार घेतला. चोर खोटं बोलतो तेव्हा आधी तालीम करतो. त्याची मुलं "पाळीचो" म्हणाली नसती, पाठ करून आली असती. इतकं भिकार खोटं रचणारी बाई सराईत नव्हे, हे मला कळत होतं. पण मला कळतं म्हणून अध्यक्षांना कसं सांगणार? मी म्हटलं, "साहेब, अटक करीन. आधी जागेचा पंचनामा करू द्या." पंचनामा हा शब्द फार उपयोगी. तो उच्चारला की कोणालाही थांबावंच लागतं.

पंच म्हणून शेजारच्या दुकानदाराला आणि आजोबांना घेतलं. लिहायला बसलो: एक खोली, एक खिडकी, एक फळा. तेवढ्यात मागे रडारड झाली. दोन मुलं एका खुंटीसाठी एकमेकांचे केस ओढत होती. दोघांनाही कोंबडा हवा होता.

मी खाली बसलो. भिंतीवर माझ्या गुडघ्याहून जरा वर लाकडी खुंट्यांची रांग होती आणि प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर एक चित्र. कोंबडा, फणस, कुर्ली, टिपर, सूप, होडी. वाचता न येणाऱ्या मुलाला आपली खुंटी कळावी म्हणून. मोजल्या. सव्वीस. पाळीच्या मुलांच्या चपला दाराशी ढीग होऊन पडल्या होत्या, पिशव्या जमिनीवर होत्या. त्या खोलीत आपली जागा कुठली, हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. ज्या मुलाचा कोंबडा असतो त्याला त्यासाठी भांडावं लागत नाही.

"साहेब, जरा वाकून बघता का?"

अध्यक्ष वाकले. चित्रांचे रंग उडाले होते. कुर्लीच्या नांग्या पुसून गेल्या होत्या, टिपराला चाकं उरली नव्हती. प्रत्येक खुंटीखाली चुन्याच्या भिंतीवर छोट्या हातांचा काळपट डाग.

"ही चित्रं आजच्या नाटकासाठी काढलेली नाहीत, साहेब. मूल येतं, पिशवी अडकवतं, चित्राला हात लावतं. रोज."

त्यांनी कुर्लीखालच्या डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मुलं येत होती, एवढंच सिद्ध होतं. कधी, ते नाही. उद्या सकाळी पणजीत बैठक आहे. मला पुरावा आज पाहिजे."

"मग आजच दाखवतो."

पाळीची मुलं आजोबांच्या देखरेखीखाली टिपरातून परत रवाना झाली. अध्यक्षांना आणि बाईंना घेऊन मी दोडामार्गाची वाट धरली. पलीकडे महाराष्ट्र, माझी हद्द संपते. गणवेशात हद्द ओलांडली तर वरिष्ठ माझीच चौकशी लावणार, म्हणून मी हवालदाराचा साधा शर्ट वरून चढवला. तो माझ्या पोटावर अडीच बटणांपुरताच लागत होता. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही.

भर दुपारी आम्ही जत्रेत पोचलो. गुळाच्या खाज्याचे ढीग, मालवणी आरडाओरडा, देवळासमोर ओटी भरायला बायकांची रांग. अध्यक्षांनी एवढंच सांगितलं, "बाई, तुम्ही कोणाला हाक मारू नका."

हाक मारायची वेळच आली नाही.

"बाई इली! बाई इली!"

खाज्याच्या दुकानाआडून एक पोरगी धावत आली, मग दोन, मग किती ते मोजता येईना. हातात पिपाण्या, तोंडाला गूळ. कोणी बाईंच्या पदराला लोंबकळलं, एकाने अध्यक्षांच्या धोतराला गूळ पुसला. मी पंचनाम्याचा कागद काढला.

अध्यक्षांनी एका मुलाला विचारलं, "तुझी खुंटी कुठली रे?"

"माजी? कुर्ली! ह्येचो कोंबो. आणि ती रडता ना, तिचा सूप."

मी कागदावर खुणा करत गेलो. चोवीस मिळाले. दोघं कुठल्या तरी मामाच्या खांद्यावर बसून देवळात गेले होते, तेही नंतर सापडले. होडी आणि फणस.

एका मुलाच्या आईने अध्यक्षांना कोण, कुठले असं काहीच न विचारता त्यांच्या हातात खाज्याची पुडी ठेवली. "बाईंच्या गावचे मां तुमी? खावा!" ज्या माणसाने आयुष्यात कोणाच्या घरचा चहा घेतला नाही अशी ख्याती होती, तो माणूस देवळाच्या पायरीवर बसून खाजं खाऊ लागला. खाताना म्हणाला, "फौजदार, गुन्हा नाही. पण खोटी हजेरी दाखवली, तेही अहवालात येईल. दोन्ही लिहीन."

"लिहा साहेब," बाई लगेच म्हणाल्या. "ताकीद द्या मला. बालवाडी तेवढी ठेवा."

दोन्ही लिहिलं गेलं. बाईंना लेखी ताकीद मिळाली, बालवाडी राहिली. ड्रायव्हरवर मात्र हौद्यातून माणसं नेल्याबद्दल मी चलन फाडलं. तो म्हणाला, "पात्रांव, हें बरें केलें." का बरं केलं ते मला अजून कळलेलं नाही. आणि हद्द ओलांडल्याची गोष्ट वरिष्ठांना कळलीच. त्यावर मी काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

पोलीस असो की समिती, तपास हवाच. जनतेच्या पैशाने चाललेल्या दाराला कुलूप का आहे, हे कोणी तरी विचारलंच पाहिजे, आणि रागावून विचारलं पाहिजे. पण एका लबाडाने वापरलेलं कारण पुढच्या प्रामाणिक माणसाच्या तोंडून निघालं की आपण ऐकायचं बंद करतो. मीही कित्येकदा केलं असेल. मला ते त्या केसने शिकवलं. त्यानंतर "हे आधी ऐकलंय" असं वाटलं की मी खाली बसून भिंत बघू लागलो.

पुढल्या वर्षी समितीने केंद्रांना पाठवलेल्या छापील फॉर्मात एक नवा रकाना होता : मुलं कोणत्या दिवसांत गावी जातात? तो अध्यक्षांनी हट्टाने घालून घेतला होता. मुळगावचा फॉर्म आमच्या पोलीस स्थानकावरून तालुका कचेरीत गेला, म्हणून मला वाचायला मिळाला. बाईंनी जत्रेचे चार दिवस लिहिले होते, आणि खाली आपणहून एक ओळ जोडली होती.

"बाकी कुठल्याही दिवशी या. आधी कळवू नका."

आणि अध्यक्ष आले. तीनदा.