खालाच्या चटईवरची जागा

दारात कोणी उभं राहिलं तरी ती वर पाहायची नाही. हातातलं काम चालूच. फक्त उजव्या हाताचा तळवा चटईवर दोनदा थापायची आणि म्हणायची, "बस वो माय, जागा लय हाये." चटई केवढी, तर तीन बायकांची. मी त्याच चटईवर सात बायका मांडीला मांडी लावून बसलेल्या पाहिल्या आहेत.

साऱ्या वस्तीची ती खाला, म्हणजे मावशी. मुसलमानांच्या पोरांची खाला आणि पाटलाच्या सुनेचीही खालाच. नाव कोणी घ्यायचं नाही, मग मीही घेत नाही.

रिद्धपूर हे जुन्या मराठीचं गाव, तुम्हाला ठाऊक आहेच. आता तिथं विद्यापीठ झालं आणि माझ्या लेकीला, वर्षाला, तिथं नोकरी लागली. गावात मनासारखी खोली मिळेना, म्हणून ती जवळच्याच पंधरा घरांच्या वस्तीत राहायला गेली. भिंतीला भिंत लागून खालाचं घर. मी इकडे अमरावतीला एकटी. दर रविवारी डबा बांधून एस.टी.नं जायची, आणि दर रविवारी माझा डबा उघडायच्या आधीच लेकीचं जेवण झालेलं असायचं.

"काय जेवली?"

"खालानं भाकर देल्ली, अंबाडीची भाजी देल्ली. आई, तिच्या हातची अंबाडी खाऊन पाह्यजो एकदा."

आता सांगा, अंबाडी काय मी केली नसेल जन्मात? तुम्हाला खोटं कशाला सांगू, मी त्या बाईवर जळत होते. तिचा आवाज भिंतीपलीकडून आला, की मी हातातलं भांडं जरा जोरात ठेवायची. बरं, भांडावं तर भांडणाला जागा नाही. मी गेले, की हसून विचारायची, "आली का वो वर्षाची माय? गाडीत जागा भेटली?" मी "हाव" म्हणायची आणि तोंड फिरवायची.

एका रविवारी कळलं, की पोरगी तीन दिवस तापानं फणफणली होती.

"मले एक फोन नाई करता आला?"

"तू घाबरली असती आई."

"अन् थे नाई घाबरली?"

"थे बाजूलेच होती ना."

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, डोळ्यात काही गेलं काय? म्हटलं, धूळ गेली.

मग उन्हाळा लागला. वस्तीत वाळवणाची पाळी असते. आज या घरची सरगुंडी, म्हणजे काडीवर वळलेल्या शेवया, उद्या त्या घरची, आणि करायला साऱ्याजणी. वर्षाच्या घरची पाळी ठरली तशी मी आदल्या दिवशीच जाऊन बसले. मी अकोल्याची लेक, आणि आमच्याकडे घरच्या बाईनं पहिली काडी केल्याशिवाय कोणी पिठाला हात लावत नाही. कणकेची दोऱ्यासारखी वळी काडीवर गुंडाळावी तर माझ्यासारखी. काडीवरून सोडवलं की पेनातल्या स्प्रिंगसारखं उभं राहतं माझं सरगुंडं. मनात म्हटलं, खाला, आता पाहा.

सकाळी वर्षा कामावर गेली. बायका आल्या. खालानं आपली चटई आमच्या अंगणात आणून अंथरली. एकेकीसाठी तळवा थापला, "बस वो माय, जागा लय हाये." मीही पदर खोचून पुढे झाले. तर तिनं चटईवर हात आडवा धरला.

"तू नोको."

"कावून?"

"तू चूल पाय."

माझ्याच लेकीच्या अंगणात, दहा बायकांसमोर! मी आत गेले, पिशवी उचलली आणि तडक फाट्यावर येऊन गाडीत बसले. डबासुद्धा तिथंच राहिला.

संध्याकाळी वर्षाचा फोन. "आई, तू काय करून बसली? इथली रीत हाये. ज्याच्या घरचं वाळवण, त्या घरच्या बाईनं काडीले हात नाई लावायचा. करायचं बाहेरच्यायनं. घरच्या बाईनं चहापाणी पाहायचं. तू घरची, म्हणून तुले चूल सांगितली. खाला बाहेरची, म्हणून थे बसली."

मी फोन ठेवला आणि पिशवी खुंटीला अडकवली.

महिनाभर गेलेच नाही. मग मन घट्ट करून गेले, आणि आधी तिच्याच दारात उभी राहिले. ती तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "दहा बाया बिना चहाच्या उठल्या वो त्या दिवशी! एक घोट नाई देल्ला तुनं." आणि पुढचे दोन दात नसलेलं तोंड उघडून अशी हसली, की मलाही हसू आवरेना. मग तळवा थापला.

मी बसले. तिनं करून दिलेला गोडमिट्ट चहा प्याले. म्हटलं, "मले वाटलं, तुमी मले हाकलून राहिल्या."

"पागल! लेकीच्या घरून मायले कोन हाकलते? पुढल्या साली माह्या घरी ये. तिथं तू बाहेरची. मंग पाहू तुही अकोल्याची काडी."

मी साऱ्या पावसाळ्यात मनातल्या मनात तिला हरवत होते. डाळ निवडताना, भाजी चिरताना माझी बोटं आपोआप काडी फिरवायची.

थंडीत ती गेली. सकाळी उठलीच नाही. वर्षानं या वेळी मला लगेच फोन केला.

यंदा खालाच्या घरची पाळी आली. तिच्या सुनेचा निरोप आला, "मावशी, अम्मीनं तुमाले सांगून ठेवलं होतं म्हने." मी गेले. तीच चटई. काडी हातात घेतली आणि सरगुंडी अशी उतरली, की बाया म्हणाल्या, वा. ज्या बाईला दाखवायची होती, ती तेवढी नव्हती.

वर्षा येईल, माझ्याजवळ बसेल, म्हणून मी शेजारी जरा जागा ठेवली होती. ती आली, पण आतल्या दारानं. कपांचा ट्रे घेऊन. मी तळवा चटईवर थापायला उचलला आणि तसाच धरून ठेवला.

तिनं प्रत्येकीसमोर एकेक कप ठेवला, माझ्यासमोरही. काडीला हात लावला नाही. खालाच्या सुनेनं आतून हाक मारली, "वर्षाताई, दूध उतू चाललं!"

"आली, आली," म्हणत माझी लेक खालाच्या चुलीकडे गेली.

मी चहा घेतला. गोड जरा जास्तच होता. खाला तसाच करायची.