वरणातला साबण

सुनेचे आईवडील तलासरीहून बसने आमच्याकडे डहाणूला जेवायला आले होते. नेमकी तेव्हाच माझी धाकटी नात वरणाचा घास थुंकून म्हणाली, "ई, साबण!"

ही २०१७ च्या सुमाराची गोष्ट. पाहुणे हसले. सून काही हसली नाही. तिची पातेली अशी लखलखतात की त्यांत बघून कुंकू लावावं. पाहुणे परत गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "आई, हे तुम्हीच शिकवलंत ना तिला? रोज ताट हुंगून जेवता. माझ्या माहेरच्यांसमोर शोभा झाली माझी."

शिकवलं नव्हतं. पण साबण मलाही लागायचा, अगदी लग्न होऊन आशागडला आले तेव्हापासून. मोठ्या जाऊबाई साबणाचे हात तसेच भांड्यांना लावतात, अशी तेव्हा माझी खात्री. म्हणून घासलेली पातेली मी पुन्हा विहिरीवर नेऊन राखेनं घासायची, ऐटीत वरण करायची, आणि वर स्वतःच्याच हातानं मूठभर कोथिंबीर! तरी वास कुठून येतो ते या बाईसाहेबांना, म्हणजे मला, कळेना. वर तोरा काय, तर अख्ख्या गावात नाक म्हणजे माझंच. पुढे साबणाबद्दल बोलणं सोडलं, हुंगणं तेवढं राहिलं.

भांडण ऐकून कॉलेजात सायन्स शिकणारी थोरली नात बाहेर आली. "आजी, नाकात वास ओळखणारी प्रथिनं असतात. ती कशी बनवायची ते जनुकांत असतं. त्यातलं एक जनुक जरा वेगळं असलं की काहींना कोथिंबिरीला साबणाचा वास येतो. तुझ्याकडून हिच्याकडे आलं असेल."

"वा! आता जनुक भांडी घासणार," सून फणकारली.

मग मी तिलाच एका पातेल्यातलं वरण दोन वाट्यांत काढायला लावलं. एकीत कोथिंबीर, दुसरीत नाही. धाकटीनं बिनकोथिंबिरीची वाटी चाटूनपुसून संपवली, दुसरी ढकलली. मीही तेच केलं.

सुनेला हसू फुटलं. "म्हणजे आई, इतकी वर्षं तुम्ही साबण खाल्लात?"

"खाल्ला, आणि जाऊबाईंना दोष दिला."

"मग आत्ता माझ्या आईला फोन लावा. पातेलं स्वच्छ होतं, हे तुमच्या तोंडून कळू दे तिला."

लावला. सगळं सांगितलं. पलीकडून विहीणबाई सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाल्या, "बरं झालं बाई! साबण मलाही लागला होता हो. लेकीची लाज राखायची म्हणून मुकाट गिळलं."