शिकाऊ गाडीतून मिथेनच्या मागावर: घोडबंदर ते डोंबिवली

"मॉडेल चुकलंय तुझं. तो लाल डाग काढून टाक," सर म्हणाले आणि त्याच क्षणी मी ठरवलं, जायचं!

आधी डागाबद्दल सांगते. मी ठाण्यातल्या एका कॉलेजात शहराच्या हवेवर काम करते. काही इमारतींच्या गच्च्यांवर आमची यंत्रं आहेत, ती कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन मोजतात. वारा कुठून आला हे बघून कॉम्प्युटर उलटा हिशोब मांडतो, की हे वायू निघाले कुठून. त्यात डोंबिवली पूर्वेला एका ठिकाणी मिथेनचा लाल डाग सारखा उमटत होता. तिथे ना कचराडेपो, ना तबेले. धावत्या गाडीतून हवा मोजायचं यंत्र दोन दिवसांसाठी उसनं मिळालं. तेवढ्यात पुरावा नाही मिळाला, तर डाग नकाशावरून जाणार होता. आणि मला गाडी येत नाही.

सुजाता वहिनीला येते. येते काय, डोंबिवलीत ती बायकांना गाडी शिकवते. "प्रज्ञा, माझी गाडी शिकाऊ आहे हां, डोक्यावर पाटी असणार," ती म्हणाली.

"उत्तम. आपल्याला हळूच जायचंय."

सुरुवात घोडबंदर रोडवरून केली. कुणाला हा मार्ग करायचाच असेल तर ऑफिसची वेळ टाळा, पोटभर खाऊन निघा आणि पाणी जवळ ठेवा. आम्ही मुद्दाम ऑफिसच्या वेळीच गेलो, कारण आम्हाला धूरच हवा होता! खिडकीतून बाहेर काढलेली नळी हवा ओढत होती आणि स्क्रीनवर कार्बन डायऑक्साइडची रेघ प्रत्येक सिग्नलला टुणकन उडी मारत होती. शेजारचा बाइकवाला ओरडला, "मॅडम, शिकताय की झोपलाय?" वहिनीने काच खाली केली. "शिकवतेय. तू येतोस का?"

कोलशेतला खाडीकडे वळलो. तिथे मिथेन थोडा वाढला, पण तो खारफुटीच्या चिखलातून येतोच. मासळी विकणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "काय गो पोरी, गारीला ही नली कशाला?" हवा तपासतोय म्हटल्यावर त्या हसल्या. "मंग आमच्या बाजूची चांगली लिव." जेवायला बोंबील फ्राय आणि तांदळाची भाकरी. घरगुती खानावळ, दोघींचं बिल पाचशेच्या आत. बोंबलासाठी तरी जाच.

मग मुंब्रा बायपास, शिळफाटा, आणि ट्रेलरच्या मागे रांगत रांगत दुपारी डोंबिवली. डागाच्या पश्चिमेच्या मोठ्या रस्त्यावर आम्ही फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. रेघ सपाट. अगदी मेलेली.

मुक्काम वहिनीकडेच होता. संध्याकाळी तिच्या गच्चीत कपडे काढायला गेले. सगळ्या ओढण्या पूर्वेकडे फडफडत होत्या. मी तिथेच कपाळावर हात मारला. दुपारी वारा समुद्राकडून येतो! आम्ही ज्या बाजूला होतो तिथे डागावरची हवा पोचणारच नव्हती. वाऱ्यावर पोट भरणारी बाई वाराच विसरली होती.

"वहिनी, उद्या सकाळी. तोच रस्ता. सकाळी वारा उलटा असतो."

"सात वाजता तयार राहा," ती म्हणाली.

सकाळी त्याच रस्त्यावर, त्याच वळणावर रेघ हलली. चढली. मग अशी उसळली की मी किंचाळले आणि पाय दाबला. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटपाशीही शिकवणाऱ्याचा ब्रेक असतो, तो माझ्या पायाखाली होता. गाडी कचकन थांबली.

"अगं, मारशील ना!"

"वहिनी, सापडलं!"

वाऱ्याच्या उलट दिशेने आतल्या गल्लीत शिरलो. एका जुन्या सोसायटीच्या गेटपाशी, खोदून बुजवलेल्या रस्त्यावर रेघ सगळ्यात उंच गेली. फाटकात एक काकू भाजी घेत होत्या. वास येतो का, विचारलं. "नाल्याचा ना? केव्हापासून येतोय. आता सवय झाली."

पण यंत्र मिथेनबरोबर इथेन नावाचा वायूही मोजतं. नाल्याच्या कुजण्यातून मिथेन निघतो, इथेन नाही. पाइपातल्या गॅसमध्ये दोन्ही असतात. आणि इथे दोन्ही रेघा हातात हात घालून वर गेल्या होत्या. "काकू, हा नाला नाही. जमिनीखालची गॅसची लाइन गळतेय."

वहिनीने गाडी आडवी घालून गल्ली बंद केली. काकूंनी जिन्याजिन्यात हाका मारून शेगड्या बंद करायला लावल्या, लोकांना खाली आणलं. मी गल्लीबाहेर जाऊन गॅस कंपनीचा आपत्कालीन नंबर फिरवला. गॅसवाले आले, पुरवठा तोडला, रस्ता खणला. पाइपाच्या सांध्यातून गॅस फुसफुसत होता, उघड्या कानांनी ऐकू येत होता. त्यांचा इंजिनिअर म्हणाला, "तळमजल्यात साचला असता, तर काही खरं नव्हतं."

दुरुस्तीनंतर त्याच गेटसमोरून गाडी नेली. रेघ सपाट. आदल्या दिवशी रडवणारी सपाट रेघ त्या दिवशी किती देखणी दिसली! काकूंनी गॅस सुरू झाल्यावर पहिला चहा आम्हाला पाजला. टाळ्या वाजवल्या ना लोकांनी, शिकाऊ पाटीच्या गाडीसाठी!

मी ठाण्याला परतले. पुढच्या आठवड्यात गच्च्यांवरची नवी मोजमापं मॉडेलला दिली. डोंबिवलीवरचा लाल डाग नाहीसा झाला होता. सरांना दाखवलं. त्यांनी जुना नकाशा शेजारी ठेवून पाहिला. मग म्हणाले, "मी काढ म्हणालो होतो, पण असा नाही."

घरी आले तेव्हा आईने विचारलं, फिरायला गेलात आणि फोटो एकही नाही? खरंच नव्हता. नकाशाकडे बघताना आता मला रंग दिसत नाहीत, गल्लीत घरच्या कपड्यांवर उतरलेली माणसं दिसतात. कुणाच्या हातात कुकरची शिट्टी, कुणाच्या कडेवर बाळ. ती सगळी त्या दिवशी दुपारी आपापल्या घरी जेवली.