अव्वाच्या दोन ओळी

विलासच्या पुस्तकातून त्याच्या आईच्या ओळी मी काढल्या.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. आधी हे सांगतो, मग बाकीचं.

विलासचे वडील पाटणचे पाटील, मिलिटरीतले. आई जतकडची, कानडी बोलणाऱ्या मेंढपाळांची. खतासाठी वडिलांच्या रानात दरवर्षी मेंढरं बसायची. त्या कळपासोबत आलेली पोरगी एका वर्षी माघारी गेलीच नाही.

विलास तिला अव्वा म्हणायचा.

त्याची कविता मराठीच. पण एका कवितेत प्रत्येक कडव्याखाली अव्वाची मेंढरांना मारलेली हाक होती. कानडीत. दोनच ओळी.

त्या दोन ओळींनी लोकांना काय त्रास झाला, विचारू नका.

साताऱ्यात कविसंमेलनात सूत्रसंचालक आधी विचारणार, "पाव्हणं कुठलं तुमचं?" आजोळ कळलं की नंबर शेवटी, जेवणाची पानं मांडताना.

सांगलीत एकजण म्हणाला, "हे लोकगीताच्या सेशनला वाचा की."

भावकी म्हणायची, "आडनाव आमचं आन् गाणं मामाचं व्हय रं?"

मामाकडं गेला की तो पाटलाचा पोरगा. तिथं चहा बशीत नाही, कपात. पाव्हण्यासारखा.

वैतागून तो म्हणायचा, "सुन्या, मी अर्धा-अर्धा न्हाई गड्या. मी दोन्हीकडनं आख्खा हाय."

आणि मी काय केलं?

मलकापूरला माझं डीटीपीचं दुकान. पुस्तकाची पानं मीच लावली. पुरस्काराला पाठवायचं होतं. म्हणलं, "इल्या, ह्या ओळी काढू. परीक्षक अडखळतील. दुसऱ्या आवृत्तीत घालू."

त्यानं खुर्ची मागं सारली.

"तुला कळतंय त्यातलं. काढ."

सिलेक्ट, डिलीट. दोन मिनिटांचं काम.

पहिली प्रत घेऊन तो घरी गेला. अव्वाला वाचता येत नाही, म्हणून त्यानं वाचून दाखवली. तिला माहीत होतं आपली हाक पुस्तकात येणार आहे. ती ऐकत राहिली. कविता संपल्यावर म्हणाली, "नंदु एल्लैति?"

माझं कुठाय?

हे त्यानं मला फोनवर सांगितलं. भांडला असता तर बरं झालं असतं. नुसतं सांगितलं.

पुरस्कार आला नाहीच. दुसरी आवृत्ती निघायच्या आधी अटॅक आला.

आज सकाळी पाटणला कार्यक्रम होता. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात, "अस्सल मातीतला कवी."

कुठल्या मातीतला, हे जिवंतपणी एकानं नीट ऐकून घेतलं नाही. आता सगळ्यांचाच. लय राग आला मला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

अव्वा पहिल्या रांगेत होती. सूत्रसंचालक म्हणाले, "आई, दोन शब्द बोला."

ती उठली, माईक धरला आणि हाक मारली. तीच.

पहिली ओळ झाली, दुसरी तोंडात होती. तोवर माईक काढून घेतला. "आईंच्या भावना अनावर झाल्यात. आपण समजू शकतो."

टाळ्या पडल्या.

मीही वाजवल्या. सवयीनं.

कार्यक्रम संपल्यावर तिच्यापाशी गेलो. म्हणलं, "अव्वा, त्या ओळी मी काढल्या व्हत्या. विलासनं न्हाई."

तिनं पिशवीतून पुस्तक काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"घाल मग."

तिथंच खुर्चीवर बसून पेनानं लिहिल्या. प्रत्येक कडव्याखाली. लिहून झाल्यावर म्हणाली, वाच. वाचल्या. "आसं न्हाई," म्हणाली. परत वाचल्या. "आसं न्हाई लेकरा." चौथ्यांदा वाचल्यावर मान डोलावली आणि पुस्तक पिशवीत ठेवलं.

एका प्रतीत झालं. बाकीच्या तुमच्या घरात आहेत. आज या पोस्टखाली कमेंटमध्ये श्रद्धांजली टाइप करताय ना, ती राहू द्या. पुस्तक काढा, पान एकतीस उघडा आणि प्रत्येक कडव्याखाली लिहा:

बारव्वा बा, नीरु ऐति इल्लि.
बिसिल होगलि, नेरळ ऐति इल्लि.

ये बाई ये, पाणी हाय हितं. ऊन जाऊ दे, सावली हाय हितं.

इल्या, चुकलो रं. नीट जा.