नेचा की माड

मी पेडण्याचा, नाईक पुंडलिक डिचोलीचा. अरुणाचलमधल्या त्या लष्करी पोस्टवर गोव्याचे आम्ही दोघेच. मी हवालदार, नाईकाच्या एक हुद्दा वर. चारचौघांत तो मला सर म्हणायचा आणि दोघेच असलो की ‘दादा’ म्हणत मनसोक्त टोमणे मारायचा. चतुर्थीला माटोळीचं सामान रानातून आणण्यात त्याचं लहानपण गेलेलं. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या त्या माटोळीला रानातली फळं-पानं लागतात, आणि भलतंच काही आणलं तर त्याची आई त्याला परत रानात पिटाळायची. त्यामुळे झाडांच्या बाबतीत तो कुणाचं ऐकून घेत नसे.

त्या दिवशी पेट्रोलिंगवरून परतताना दरड कोसळली. नेहमीची वाट गेली आणि एक मोठा दगड पुंडलिकच्या मांडीवर आला. आम्ही पट्टी आवळून बांधली, तरी रक्त थांबेना. धुक्यामुळे हेलिकॉप्टरची आशा नव्हती. वायरलेसवर कंपनी कमांडर म्हणाले, “डॉक्टर खालून निघालेत. डोंगराच्या धारेवरून दोन नाले उतरतात. ज्याच्या तोंडाशी ट्री फर्न आहे तोच धरा. दुसरा कड्यावर संपतो. ओव्हर.”

ट्री फर्न म्हणजे झाडाएवढा वाढणारा नेचा. मी तोवर तो कधी नीट पाहिला नव्हता. स्ट्रेचर घेऊन चुकीच्या नाल्यात उतरलो असतो, तर परत चढेपर्यंत पुंडलिक हाती लागला नसता. हे सगळ्यांना कळत होतं.

त्याला तुकडीतल्या पोरांजवळ खडकाच्या आडोशाला ठेवून मी सेट घेऊन पुढे गेलो. पहिल्या नाल्याशी धुक्यात एक उंच खोड दिसलं, वर पानांचा झुबका. मला हायसं वाटलं. सापडला म्हणून कळवलं. उत्तर पुंडलिकनं दिलं. दुसरा सेट त्याच्या उशाशी होता.

“खोडार कडी आसत?”

“आसत. एकाखाली एक.”

“पानाची टोकां कशी?”

“माशाच्या शेपटीसारखी.”

“दादा, तो भेरलो माड, नेचो न्हय. पेडणेकाराक माडाशिवाय काय दिसणा नाय. फुडे चल.”

स्ट्रेचर तिथं उतरवायचा हुकूम माझ्या ओठांवर आला होता. मी दुसऱ्या नाल्याकडे धावलो. तिथलं झाडही मला लांबून तसंच दिसलं.

“खोड सांग,” पुंडलिक म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

“काळा. कडी नाय. पानां गळली थय लांबट वण आसत.”

“शेंड्यार कवळी पानां?”

“गुंडाळलेली. वयर तपकिरी लव.”

“आता पान परत. पाठीर बघ.”

मी खाली लोंबणारं एक पान ओढून उलटलं. बारक्या शिरांच्या दोन्ही अंगांनी तपकिरी ठिपक्यांच्या ओळी होत्या. बोट फिरवलं तर भुकटी लागली. मी ते सांगितलं. सेटवर नुसती खरखर ऐकू येत राहिली. मी दोनदा त्याला हाक मारली.

“तोच नेचो,” तो म्हणाला. “थयच रव. आमी येताव.”

मी तिथंच थांबलो. पोरांनी स्ट्रेचर शक्य तेवढ्या घाईनं आणलं. डॉक्टर त्याच नाल्यातून वर आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. पुंडलिक वाटेतच गेला होता.

सुट्टीवर आलो तेव्हा आधी डिचोलीला गेलो. त्याच्या आईनं पाणी दिलं आणि समोर बसली. मी दरड, धुकं, नाला असं सगळं रिपोर्टसारखं सांगत होतो. तिनं मला थांबवलं.

“शेवटी काय बोललो तो?”

“आमी येताव, म्हणालो तो.”

“म्हंजे येवची आशा होती तेका,” ती म्हणाली. मला रडू आवरलं नाही.

नाईक पुंडलिक, डिचोली. त्यानं ओळखलेल्या वाटेनं आम्ही सगळे सुखरूप उतरलो. त्याला मात्र आम्ही खांद्यावरून उतरवलं.